पहिल्या पानावरचे तीन व्होल्ट

पुस्तकाचे परीक्षण लिहितात, नाटकाचे लिहितात, पाठ्यपुस्तकाचे तर वर्तमानपत्रांतूनही लिहून येते. इलेक्ट्रॉनिक चिपच्या माहितीपत्रकाचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. ते छापणारा कारखानदार आणि ते वाचणारा अभियंता यांच्यातला तो खाजगी व्यवहार आहे, असे सगळे धरून चालतात. आता तशी स्थिती राहिलेली नाही. आवाजाच्या लहरीचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप बसवलेले छोटे बोर्ड थोडक्या पैशांत घरपोच मिळतात. अकरावी-बारावीची मुले ते संगणकाला जोडून प्रयोग करतात आणि चिपचे माहितीपत्रक इंटरनेटवरून उतरवून घेऊन त्यातले आकडे वापरतात. म्हणजे ही पत्रके आता शिक्षणाचे साहित्य झाली आहेत, आणि शिक्षणाच्या साहित्याची चिकित्सा व्हायलाच हवी.

आम्हाला ही बुद्धी झाली ती एका चुकीनंतर, आणि चूक आमचीच होती. एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. दोन मुलींनी रोध आणि धारित्र यांच्या साध्या गाळणीचा प्रयोग मांडला होता. १ किलोओहमचा रोध, ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र आणि सुमारे १,६०० हर्ट्झची लहर. गाळणीच्या आधीचे आणि नंतरचे व्होल्टेज त्यांनी अशाच बोर्डाने मोजले होते. दोघींचा बोर्ड वेगळा, संगणकही वेगळा. एकाच जनरेटरच्या एकाच लहरीची उंची एका बोर्डाने १.०० व्होल्ट दाखवली, दुसऱ्याने १.०७. दोन्ही आकडे त्यांनी तक्त्यात जसेच्या तसे लिहिले होते.

"जोडणी सैल होती का?" आम्ही विचारले.

"नाही सर. तारा बदलून पाहिल्या, तरी तसंच येतं."

"मग चोवीस बिटांच्या उपकरणात सात टक्के फरक येतो कसा?"

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ते आमच्याकडेही नव्हते, पण आम्ही परीक्षक होतो. 'मापनात अधिक काळजी हवी' असा शेरा लिहून आम्ही गुण कापले.

त्याच तक्त्याचा शेवटचा रकाना आम्ही नीट पाहिला असता तर हे झाले नसते. गाळणीनंतरचे व्होल्टेज भागिले आधीचे व्होल्टेज, हे गुणोत्तर दोन्ही बोर्डांवर ०.७० आले होते. तार सैल असती, वाचन घाईने घेतले असते, तर गुणोत्तरेही विस्कटली असती. ती जुळली, याचा अर्थ एका बोर्डावरचे सगळेच आकडे एकाच पटीत मोठे झाले होते. मोजणाऱ्या मुली काटेकोर होत्या. पट्टीच आखूड झालेली होती.

पट्टी आखूड होते कशी, हे समजायला अशी चिप काय करते ते थोडक्यात पाहू. आत आलेल्या व्होल्टेजची ती आपल्याजवळच्या एका संदर्भ व्होल्टेजशी तुलना करते आणि पट्टीचा किती हिस्सा भरला ते आकड्यात सांगते. त्या आकड्याला एकक नसते. 'दोन तृतीयांश' एवढेच चिप बोलते. कशाचे दोन तृतीयांश, ते तिच्या आकड्यांत कुठेही नसते. ते आपण बाहेरून गुणायचे असते, आणि गुणायचा आकडा आपण माहितीपत्रकातून घेतो.

मुलींच्या बोर्डांवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम १८०८ ही चिप होती. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांत ही चिप चांगलीच रुळलेली आहे. तिच्या माहितीपत्रकाचे पहिले पान असे: २४ बिट, दोन वाहिन्या, सेकंदाला ९६ हजारांपर्यंत नमुने, ९९ डेसिबेलचा आवाका, आणि इनपुट ३ व्होल्ट, शिखरापासून तळापर्यंत. मुलींनी हे ३ व्होल्ट उचलले. निम्मे केले, दीड. चिपचा आकडा गुणिले दीड, झाले शिखराचे व्होल्टेज. यात चुकले काय? वाचकांनी क्षणभर विचार करावा.

आतल्या पानांवर विद्युत गुणधर्मांचा तक्ता आहे. तिथे इनपुटच्या ओळीत ३ हा आकडा नाही. तिथे लिहिले आहे, ०.६ गुणिले व्हीसीसी. व्हीसीसी म्हणजे चिपच्या अॅनालॉग भागाला दिलेला वीजपुरवठा. तक्त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत अट आहे की हे सगळे गुणधर्म पुरवठा ५ व्होल्ट आणि तापमान २५ अंश असतानाचे आहेत. पुरवठा ४.५ पासून ५.५ व्होल्टपर्यंत चालतो, असेही पत्रकच सांगते. म्हणजे पट्टी २.७ व्होल्टची असू शकते किंवा ३.३ व्होल्टचीही. पहिल्या पानावरचे तीन व्होल्ट खोटे नाहीत, पण ते एका अटीवर खरे आहेत आणि ती अट पहिल्या पानावर नाही. संगणकाच्या यूएसबी खाचेतून मिळणारा पुरवठा नावाला ५ व्होल्टचा असतो. लांब, बारीक तारेची केबल असेल तर तो बोर्डापर्यंत येता येता पाव व्होल्ट सहज घसरतो. ४.७५ व्होल्टवर पट्टी ५ टक्क्यांनी आखूड होते आणि तीच लहर ५ टक्क्यांनी मोठी दिसते.

त्याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे, ती आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. विवर्धनातील त्रुटी: साधारणपणे ३ टक्के, जास्तीत जास्त ६ टक्के, अधिक किंवा उणे, पूर्ण पट्टीच्या हिशेबाने. दोन वाहिन्यांमधला फरक: साधारणपणे १, जास्तीत जास्त ३ टक्के. ही त्रुटी पुरवठा बरोबर ५ व्होल्ट असतानाची. पुरवठ्याची घसरण वेगळी मोजायची.

आता ही ओळ पहिल्या पानावरच्या २४ बिटांशेजारी ठेवा. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. ३ व्होल्ट भागिले एवढ्या पायऱ्या, एक पायरी सुमारे ०.१८ मायक्रोव्होल्टची. आणि ६ टक्के त्रुटी म्हणजे ३ व्होल्टमध्ये ०.१८ व्होल्ट. आकडा तोच, मधे दहा लाखांची पट. जी चिप मायक्रोव्होल्टचा पाचवा हिस्सा दाखवण्याची ऐट मिरवते, ती पट्टीच्या लांबीत दहा लाख पायऱ्या चुकलेली असू शकते, आणि तरीही ती कारखान्याच्या कसोटीला उतरलेली, निर्दोष चिप असते. (९९ डेसिबेलचा आवाका म्हणजेही सुमारे १६ बिटच. खालचे आठ बिट गोंगाटात बुडालेले असतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली गेली तर तिच्यावर कितीही बारीक रेघा असोत, सदरा तंगच होतो. बारकाई आणि अचूकता या दोन गोष्टी वेगळ्या, हे आपण नववीच्या वर्गात व्हर्नियर शिकवताना सांगतो. डिजिटल उपकरण समोर आले की तेच विसरतो. आम्ही विसरलो होतो.

चिप करणाऱ्यांनी असे का केले, हेही पाहायला हवे, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. ६ टक्के म्हणजे अर्धा डेसिबेल. गाणे अर्ध्या डेसिबेलने मोठे झाले तर कानाला ते कळणे अवघड, आणि कळले तर ऐकणारा आवाजाची खुंटी फिरवतो. कानाला लागते ती लहरीच्या आकाराची निष्ठा. आकार न बिघडता उंची थोडी बदलली तर त्याची तक्रार नसते. म्हणून पुरवठ्याशी न डळमळणारा संदर्भ आणि प्रत्येक चिपची स्वतंत्र जुळणी हा खर्च वाचवला आणि जोर आकार राखण्यावर दिला. हा शहाणपणाचा निर्णय आहे. आमची तक्रार चिपविषयी नाही. कानासाठी केलेले साधन मोजपट्टी म्हणून हाती पडते तेव्हा त्याचे पहिले पान पुरेसे बोलत नाही, एवढीच ती आहे.

विवर्धन डळमळण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते बहुधा आपण स्वतः निर्माण करतो. या चिपच्या इनपुटचा रोध ६० किलोओहम दिला आहे. 'साधारणपणे' या रकान्यात. किमान आणि कमाल हे रकाने रिकामे. सिलिकॉनवर घडवलेला रोध ठरल्या आकड्यापासून १५ ते २० टक्के इकडेतिकडे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. शेजारशेजारच्या दोन रोधांचे परस्पर प्रमाण मात्र टक्क्याच्याही अंशापर्यंत सांभाळता येते. म्हणून चिपच्या आतले कारागीर सगळे काम गुणोत्तरांवर उभे करतात. आपण बाहेरून येतो आणि ते गुणोत्तर मोडतो. समजा, मोठी लहर निम्मी करण्यासाठी एखाद्याने बाहेर ६० किलोओहमचा रोध ओळीने जोडला. कागदावर हिशेब बरोबर: निम्मे व्होल्टेज बाहेर, निम्मे आत. पण आतला रोध ४८ निघाला तर आत जाईल ०.४४ हिस्सा, ७२ निघाला तर ०.५५. त्याऐवजी १ किलोओहमचे दोन रोध लावून बाहेरच निम्मे करून घेतले, तर आतला रोध ४८ असो की ७२, फरक टक्क्याच्या एकतृतीयांशाएवढाच पडतो. दहावीचा विभाजक, पण असा प्रश्न कोणत्याही प्रश्नसंचात आम्ही पाहिलेला नाही.

या बाबतीत एक जुने माहितीपत्रक अधिक प्रामाणिक वाटते. एडिंबराच्या वुल्फसन कंपनीची डब्ल्यूएम ८७३१ ही चिप. (ही कंपनी २०१४ साली सिरस लॉजिकने घेतली.) या पत्रकात पूर्ण पट्टी सुरुवातीपासून पुरवठ्याच्या प्रमाणात मांडलेली आहे, आणि इनपुटचा रोध विवर्धनाबरोबर बदलतो हेही तक्त्यात आहे: विवर्धन शून्य डेसिबेल असताना साधारणपणे ३० किलोओहम, १२ डेसिबेलला १५. बाहेर ५.६ किलोओहमच्या दोन रोधांचा विभाजक लावला तर चिपला तो २.८ किलोओहमच्या उगमासारखा दिसतो. मग आज्ञा १२ डेसिबेलची दिली तरी प्रत्यक्ष वाढ सुमारे ११.३ डेसिबेल मिळते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. सगळी सामग्री वरच्या वाक्यांत आहे.

आता मधल्या पातळीकडे वळू. ध्वनीची लहर शून्याच्या वर आणि खाली जाते. एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या चिपला उणे व्होल्टेज ठाऊकच नसते. म्हणून ती पुरवठ्याच्या निम्म्यावर, २.५ व्होल्टवर, आपला शून्य बसवते आणि लहर १ ते ४ व्होल्टच्या दरम्यान खेळवते. बाहेरची लहर धारित्रातून आत येते, त्यामुळे बाहेरची पातळी बाहेर राहते आणि आतली आत.

या पातळीला नावे तरी किती! कोणी व्हीकॉम म्हणतो, कोणी व्हीमिड, कोणी व्हीक्यू. पीसीएम १८०८ च्या पायाचे नाव व्हीरेफ आहे, आणि हे नाव आम्हाला सर्वांत दिशाभूल करणारे वाटते, कारण विद्यार्थी 'रेफ' म्हणजे पट्टीचा संदर्भ समजतो आणि २.५ व्होल्टने गुणायला जातो. गोंधळ इथेच थांबत नाही. दोन तारांनी संदेश घेणाऱ्या चिपमध्ये एका तारेवर लहर वर जाते तेव्हा दुसरीवर तेवढीच खाली येते. दोन्हींना समान असलेले जे व्होल्टेज, ते कॉमन मोड व्होल्टेज, सामायिक व्होल्टेज. त्यात चिपने मुद्दाम ठेवलेली मधली पातळीही येते आणि बाहेरून दोन्ही तारांवर सारखीच चढलेली ५० हर्ट्झची घरघरही येते. पहिली हवीच असते, दुसरी नको असते, आणि दोघींना नाव एकच. वजाबाकी केली की दोन्ही जातात, पण वजाबाकी करणारे रोध जुळलेले असतील तरच. १ टक्का अचूकतेचे चार रोध वापरून केलेल्या साध्या वजाबाकी-विवर्धकात, वाईटात वाईट जुळणीला, घरघर जेमतेम पन्नासाव्या हिश्श्यावर येते. पीसीएम १८०८ मध्ये तर ही सोयच नाही. तिला प्रत्येक वाहिनीची एकच तार. बोर्डाची आणि प्रयोगाची जमीन-तार यांत काही मिलिव्होल्टचा फरक असेल तर तो थेट संदेशात मिसळतो.

मधल्या पातळीने आम्हाला एकदा चांगलेच चकवले. प्रयोगशाळेत ३.३ व्होल्टवर चालणारा एक विवर्धक आम्ही अशाच चिपला जोडला आणि धारित्र लावायला विसरलो. विवर्धकाची मधली पातळी १.६५ व्होल्ट, चिपची २.५. १ व्होल्ट उंचीची लहर दिली, तर पडद्यावर तिचा तळ सपाट कापलेला. पट्टी तर दीड व्होल्टपर्यंत जायला हवी, मग कापले कोणी? पडद्यावर तळ पट्टीच्या निम्म्याच्याही आत होता आणि लहर शून्याभोवती बसलेली दिसत होती. आम्ही दोन दिवस विवर्धकालाच दोष देत होतो. खरी गोष्ट अशी की चिपची खालची मर्यादा १ व्होल्ट, आणि लहर १.६५ वरून खाली निघाली तर ०.६५ व्होल्ट उतरल्यावर तिला जमीन लागते. मग शून्याभोवती कशी दिसली? कारण या चिपमध्ये आकड्यांमधून स्थिर हिस्सा काढून टाकणारी गाळणी असते. सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना तिची सीमा ०.९१ हर्ट्झ. पातळी चुकल्याचा एकमेव पुरावा होता तो स्थिर हिस्सा, आणि तोच गाळणीने पुसून टाकला. याच गाळणीमुळे अशा बोर्डाला कोरडा घट जोडला तर काटा क्षणभर हलून पुन्हा शून्यावर येतो, आणि मुले म्हणतात घट संपला.

पुरवठा डळमळला तर मधली पातळी आणि पट्टीची लांबी दोन्ही डळमळतात, पण दोन्हींच्या खुणा वेगळ्या. पातळी हलली तर ती संदेशात मिळवली जाते: पुरवठ्यात १०० हर्ट्झची चढउतार असेल तर १०० हर्ट्झची घरघर, संदेश असो वा नसो. पट्टी हलली तर ती संदेशाला गुणते: १,००० हर्ट्झचा सूर दिला की त्याच्या शेजारी ९०० आणि १,१०० हर्ट्झवर दोन बारीक सोबती उभे राहतात. सूर बंद केला की तेही नाहीसे होतात. म्हणून 'इनपुट बंद करून गोंगाट मोजला, शांत आहे' असा निर्वाळा अपुरा असतो. आम्ही वाचलेल्या बहुतेक सोप्या लेखांत मात्र हीच परीक्षा दिलेली असते.

त्या लेखांविषयीही दोन शब्द. 'संगणकाचा दोलनदर्शक करा' अशा धर्तीचे लेख आम्ही आवडीने वाचतो. शाळेला महागडे उपकरण परवडत नाही तेव्हा त्यांचा उपयोग मोठा आहे. वारंवारता, काळ, गुणोत्तर, लहरीचा आकार, दोन लहरींमधले अंतर, हे सगळे अशा बोर्डाने उत्तम मोजता येते. पण उभ्या अक्षावर 'व्होल्ट' असे लिहून टाकताना लेखक ज्या सहजतेने पुढे जातात ती आम्हाला खटकते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने विकसित केलेल्या एक्स्पआइज या शैक्षणिक उपकरणात व्होल्टेज मोजणारा भाग १२ बिटांचाच आहे, पण तो स्थिर व्होल्टेज मोजतो आणि जुळणीचे आकडे उपकरणातच साठवलेले असतात. १२ बिटांच्या त्या उपकरणाचा व्होल्ट २४ बिटांच्या न जुळवलेल्या बोर्डापेक्षा विश्वासाचा असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना एकदा दोन्ही शेजारी ठेवून दाखवावी.

तशी सोय नसेल तर साधा मल्टिमीटरही पुरतो. प्रथम बोर्डावरचा पुरवठा प्रत्यक्ष मोजावा आणि त्याला ०.६ ने गुणून पट्टी काढावी. मग १०० हर्ट्झच्या आसपासची लहर बोर्ड आणि मल्टिमीटर दोघांना एकदमच द्यावी. स्वस्त मल्टिमीटर याहून फार वरच्या वारंवारतेवर भरवशाचे नसतात. मल्टिमीटरच्या वाचनाला १.४१४ ने गुणून शिखर काढावे आणि दोन्हींचे गुणोत्तर त्या बोर्डावर, त्या वाहिनीपुढे, शाईने लिहून ठेवावे. दुसऱ्या वाहिनीसाठी वेगळे. केबल बदलली तर पुरवठा पुन्हा मोजावा.

प्रदर्शनातले गुण आता बदलता येत नाहीत. आम्ही त्या मुलींना शाळेमार्फत पत्र लिहून चूक कबूल केली आणि दोन्ही बोर्डांवरचा पुरवठा मोजायला सुचवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. वहीचे पान फाडून पाठवलेले, त्यावर तक्ता. १.०० व्होल्ट दाखवणाऱ्या बोर्डावर पुरवठा ४.९८ व्होल्ट, १.०७ दाखवणाऱ्यावर ४.७१. पट्टी दुरुस्त करून त्यांनी पुन्हा हिशेब केला होता: ०.९९६ आणि १.००८. खाली एक ओळ होती, "उरलेला सव्वा टक्का चिपचा आहे की आमचा, ते बोर्डांची अदलाबदल करून पाहणार आहोत."